आमच्या इमारतीला मेन स्विच बसवताना

मुंबईच्या वाकोल्यातली आमची इमारत १९८६ सालची. तळमजला अधिक सहा मजले, चोवीस घरं, रस्त्याच्या बाजूला चार दुकानं, एक लिफ्ट, पाण्याचे पंप आणि जिन्याखाली मीटर रूम. गेल्या वर्षी एप्रिलमध्ये एका रात्री या मीटर रूममधून धूर निघायला लागला. अग्निशमन दलाची गाडी लवकर पोहोचली. जवानांनी आल्या आल्या विचारलं, "मेन कुठे आहे?" वॉचमनने भिंतीवरच्या स्विचांच्या रांगेकडे हात केला. एकेक करत सगळे स्विच पाडले. घरं अंधारात गेली, लिफ्ट थांबली, आणि धूर मात्र येतच राहिला. वीज कंपनीच्या माणसाने येऊन रस्त्यावरच्या पिलरमधले, म्हणजे कंपनीच्या वीजपेटीतले, फ्यूज काढले, तेव्हा आतलं तडतडणं थांबलं. तोवर जवानांनी पाण्याचा थेंब मारला नाही, कोरडी पावडर वापरली. वरच्या मजल्यांवरच्या माणसांना खाली यायला जिना एकच, आणि तोच धुराने भरलेला.

कोणाला इजा झाली नाही. पण मी सोसायटीची सेक्रेटरी आहे, आणि "मेन कुठे आहे" याचं उत्तर आमच्याकडे नव्हतं, ही गोष्ट मला झोपू देईना. त्यानंतरचे काही महिने मी एकाच कामाच्या मागे होते. इमारतीची वीज एका जागेवरून, किल्ली न शोधता, कोणाचीही वाट न बघता बंद करता आली पाहिजे. आमच्यासारख्या इमारती मुंबईत गल्लोगल्ली आहेत, म्हणून हे काम कसं झालं ते जरा तपशिलात सांगते.

आधी आमच्याकडे काय होतं ते समजून घ्यावं लागलं. रस्त्यावरच्या पिलरमधून वीज कंपनीची सर्व्हिस केबल जमिनीखालून मीटर रूममध्ये येते. तिथे कंपनीचा कटआऊट, म्हणजे तीन फेजचे तीन फ्यूज असलेला बंद डबा. तिथून वीज बसबारवर जाते, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या उघड्या पट्ट्यांवर. पट्ट्यांवरून प्रत्येक मीटरला एकेक फाटा, मध्ये फ्यूज, मग मीटर, आणि मीटरच्या नंतर त्या त्या घराचा स्विच. तिथून वायर वर घरात जाते. आम्ही आजवर ज्यांना "खालचे मेन" म्हणत होतो ते हे मीटरनंतरचे स्विच. ते सगळे पाडले तरी सर्व्हिस केबल, कटआऊट, बसबार आणि मीटरच्या आधीच्या वायरी जिवंतच राहतात, म्हणजे त्यांत वीज असतेच. घराघरातले नळ बंद केले म्हणून गच्चीवरून येणाऱ्या फुटलेल्या पाइपाची गळती थांबत नाही, तसंच. आमचा दोष नेमका त्या जिवंत राहणाऱ्या भागात होता.

दोष काय होता, हे शासनाचा परवाना असलेल्या विद्युत ठेकेदाराने दुसऱ्या दिवशी दाखवलं. बसबारच्या एका टोकाला केबलचा लग, म्हणजे तिच्या टोकाला बसवलेला धातूचा तुकडा, बोल्टने आवळलेला असतो. तो ढिला पडला होता. अ‍ॅल्युमिनियम गरम होऊन फुगतं, गार होऊन आकसतं, दाबाखाली हळूहळू सरकतं, आणि वर ऑक्साइडचा थर धरतं. इतक्या वर्षांत तो बोल्ट कोणी पुन्हा आवळलेला नव्हता. इमारत बांधली तेव्हा घरोघरी पंखे, दिवे आणि फार तर एक फ्रिज होता. आता बहुतेक घरांत दोन एसी आहेत. ठेकेदाराने मला एक साधा हिशेब करून दाखवला. सांध्याचा रोध (रेझिस्टन्स) जेमतेम १० मिलिओहम झाला आणि त्यातून १०० अँपिअर गेले, तर त्या एका बोल्टवर १०० वॉट उष्णता तयार होते. बोटाएवढ्या जागेत रात्रभर १०० वॉट. आणि फ्यूजला त्याचा पत्ता लागत नाही, कारण प्रवाह नेहमीएवढाच असतो. फ्यूज जादा प्रवाहावर वितळतो, गरम सांध्यावर नाही. हे ऐकल्यावर मला पटलं की "फ्यूज आहेत ना" एवढ्यावर निर्धास्त राहणं किती धोक्याचं आहे.

मग मी नियम वाचायला बसले. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षा आणि वीजपुरवठ्याविषयीचे विनियम २०१० साली आले. पंधरा मीटरपेक्षा उंच बहुमजली इमारतींसाठी त्यांत छत्तिसावा विनियम होता. पुरवठा जिथे सुरू होतो त्या ठिकाणी सगळे फेज तोडणारं, कटआऊट किंवा ब्रेकर (जादा प्रवाह आला की आपोआप पडणारा स्विच) असलेलं साधन हवं. ते ठळक दिसेल अशा जागी, जमिनीपासून १.७० मीटरपेक्षा उंच नाही असं बसवलेलं हवं. आणि आणीबाणीत त्याने इमारतीचा पूर्ण पुरवठा तोडता यायला हवा. २०२३ साली हे विनियम नव्याने अधिसूचित झाले, त्यातही ही तरतूद आहे. आमची इमारत वीस मीटरच्या वर भरते, म्हणजे ती या नियमाखाली येते. आणि जुनी इमारत म्हणून सुटका होते असंही नाही. १९५६ च्या भारतीय वीज नियमांतला पन्नासावा नियमसुद्धा सांगत होता की पुरवठा सुरू होतो त्या जागेनंतर शक्य तितक्या जवळ, सहज हाताशी येईल असा जोडस्विच (सगळे फेज एकदम तोडणारा) किंवा ब्रेकर हवाच.

या नियमातला "१.७० मीटर" हा आकडा मला फार आवडला. नियम करणाऱ्याने स्टुलावर चढून स्विचची मूठ ओढणारा माणूस डोळ्यांपुढे आणला असणार. धूर वर साठतो, माणूस वाकून चालतो, मूठ त्याच्या खांद्याच्या आसपास हवी. मात्र आमच्याकडे दुसऱ्या बाजूनेही मर्यादा होती. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. वाकोला नाल्याचं पाणी आमच्या मीटर रूममध्ये कमरेच्या वर होतं, आणि कंपनीचा कटआऊट तर गुडघ्याच्या उंचीवर. त्या पुराची ओल भिंतीवर बघितलेली माणसं अजून इमारतीत राहतात. त्यामुळे आमच्या पेटीचा तळ पुराच्या खुणेच्या वर आणि मूठ १.७० मीटरच्या खाली, एवढ्याच पट्ट्यात सगळं बसवायचं होतं.

माझा भाचा अमेरिकेत इमारतींचे विद्युत आराखडे करतो. त्याला फोनवर हे सांगितलं तेव्हा त्याने तिथल्या नॅशनल इलेक्ट्रिकल कोडबद्दल सांगितलं, आणि माझं आमच्याच मीटर रूमकडे बघणं बदललं. तिथे एका सर्व्हिसची वीज तोडायला जास्तीत जास्त सहा स्विच चालतात, आणि ते एकाच जागी गटाने असावे लागतात. म्हणजे हाताच्या सहा हालचालींत सगळं बंद. पूर्वी हे सहाही ब्रेकर एकाच पॅनलमध्ये, वर एक मेन न ठेवता बसवता येत. २०२० च्या आवृत्तीत ते बदललं. एकाहून जास्त स्विच ठेवायचे तर प्रत्येकाला स्वतंत्र पेटी किंवा मध्ये आडपडदा असलेला स्वतंत्र कप्पा हवा. कारण असं की सहाही ब्रेकर पाडले तरी पॅनलच्या आतल्या पट्ट्या जिवंत राहत, आणि झाकण उघडून काम करणाऱ्या वायरमनला रस्त्यावरून वीज तोडल्याशिवाय त्या मारता येत नसत. त्याच वर्षापासून एका किंवा दोन कुटुंबांच्या घरांना बाहेरच्या बाजूला, अग्निशमन दलाच्या हाताशी येईल असा आणीबाणीचा स्विचही बंधनकारक झाला. तिकडची घरं वेगळी, पुरवठ्याची पद्धत वेगळी, तो नियम इथे लागू होत नाही. पण जिवंत राहणाऱ्या पट्ट्यांचा प्रश्न हुबेहूब आमचाच होता. आणि तिथे सहा हालचाली ही कमाल मर्यादा. आमच्या जिन्याखाली तर तिसाच्या आसपास स्विच, तेही अर्धे जुन्या कपाटामागे.

ठेकेदाराने जो आराखडा दिला तो असा. कंपनीच्या कटआऊटनंतर आणि बसबारच्या आधी एक एमसीसीबी, म्हणजे मोठ्या प्रवाहाचा ब्रेकर. सगळ्या घरांचा मंजूर भार मिळून १२० किलोवॅट. तो एकाच वेळी कधीच येत नाही, पण आला तरी लिफ्ट आणि पंप धरून प्रत्येक फेजला साधारण २०० अँपिअर होतात. म्हणून २५० अँपिअरचा एमसीसीबी घेऊन त्याची उष्णतेवर चालणारी मर्यादा २०० वर लावायची, म्हणजे केबलवरही ताण येणार नाही. दुसरा आकडा तोडण्याच्या क्षमतेचा, म्हणजे शॉर्टसर्किटचा किती मोठा प्रवाह ब्रेकर न फुटता तोडू शकतो त्याचा. हा आकडा सोसायट्यांच्या कोटेशनांत बहुतेक कोणी वाचत नाही, आणि तोच जिवावर बेतू शकतो. आमच्या मागच्या गल्लीत ६३० केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर आहे. त्याच्या टोकाशी शॉर्टसर्किट झालं तर प्रवाह वीस हजार अँपिअरच्या आसपास जातो. केबलच्या लांबीने तो आमच्यापर्यंत कमी होतो, तरी घरातल्या डीबीमधल्या, म्हणजे स्विचच्या पेटीतल्या, ६ किंवा १० किलोअँपिअरच्या एमसीबीच्या (छोट्या ब्रेकरच्या) भरवशावर तिथे राहता येत नाही. आम्ही ३६ किलोअँपिअरचा घेतला. स्वस्तातलं एक कोटेशन आलं होतं, त्यात हा आकडाच लिहिलेला नव्हता. ते मी बाजूला ठेवलं.

न्यूट्रलवर, म्हणजे तीन फेजसोबतच्या चौथ्या, वीज परत नेणाऱ्या वायरवर, बराच वेळ बोलणं झालं. तीन पोलचा, फक्त फेज तोडणारा ब्रेकर घ्यायचा की चार पोलचा, न्यूट्रलही तोडणारा? नियम सांगतो की न्यूट्रलमध्ये एकटा फ्यूज किंवा एकटा स्विच कधीही घालायचा नाही. घातलाच तर फेजसोबत एकाच झटक्यात चालणारा हवा. न्यूट्रल एकटा सुटला, तर तीन फेजवरची घरं एकमेकांमधून जोडली जातात. ज्या फेजवर भार कमी असतो तिथे २३० व्होल्टच्या जागी चारशेच्या जवळ व्होल्टेज जाऊ शकतं. टीव्ही, फ्रिज, राउटर, सगळं जळतं. आमच्या शेजारच्या गल्लीत असं झालेलं लोकांना आठवत होतं. आम्ही तीन पोलचा ब्रेकर आणि न्यूट्रलला बोल्टने घट्ट आवळलेली अखंड लिंक ठेवली, आणि त्या लिंकवर "न्यूट्रल, सोडू नये" अशी पट्टी लावली. बहुमजली इमारतीच्या नियमातही न्यूट्रल सोडून बाकीचे फेज तोडणारं साधन असंच म्हटलेलं आहे.

आता पैशांचं. समितीच्या अधिकारात बसणारा हा खर्च नव्हता, म्हणून विशेष सर्वसाधारण सभा बोलावली. "इतकी वर्षं काही झालं नाही" हे वाक्य आलंच. पण धूर सगळ्यांनी पाहिला होता, त्यामुळे ते फार टिकलं नाही. खरी चर्चा दोन मुद्द्यांवर झाली, आणि दोन्ही मुद्दे रास्त होते.

पहिला मुद्दा खोडसाळपणाचा. मूठ बाहेर, हाताशी, कुलपाशिवाय, मग रात्री कोणी मुद्दाम ओढली तर? काहींचं म्हणणं, पेटीला कुलूप घालून किल्ली वॉचमनकडे ठेवा. मी त्याला ठाम विरोध केला. वॉचमन पंप चालू करायला मागे गेला असेल, गच्चीवर असेल, आणि नेमकी तेव्हाच किल्ली लागेल. ज्या साधनासाठी किल्ली शोधावी लागते ते आणीबाणीचं साधन नव्हे. शेवटी असं ठरलं: मुठीवर पारदर्शक अ‍ॅक्रिलिकचं झाकण, कुलूप नाही, समोर सीसीटीव्हीचा कॅमेरा. मुठीला कुलूप घालायची सोय फक्त बंद स्थितीत, म्हणजे आत वायरमन काम करत असताना बाहेरून कोणी चालू करू शकणार नाही.

दुसरा मुद्दा तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी मांडला. काका ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरवर असतात. "तुम्ही मूठ ओढाल, पण आमचं यंत्र बंद पडेल त्याचं काय?" सभेत सगळे गप्प झाले. यावर आम्ही नीट काम केलं. त्यांच्या यंत्राला बॅटरीची सोय आणि घरात एक भरलेला सिलिंडर, याची जबाबदारी सोसायटीने त्यांच्या मुलाबरोबर वाटून घेतली. शिवाय विजेवर जीव अवलंबून असलेल्या घरांची यादी मुठीच्या शेजारीच लावली, म्हणजे मूठ ओढणाऱ्याला लगेच कळेल की आधी कोणत्या दारात जायचं. ही यादी कोणत्या नियमात मी वाचलेली नाही. पण माझ्या मते ती ब्रेकरइतकीच गरजेची आहे.

मग वीज कंपनीचं दार. कटआऊटपर्यंतचं सगळं आणि मीटर, ही कंपनीची मालमत्ता. त्यांना सील असतं, आणि मीटरशी छेडछाड केली तर वीज कायदा २००३ च्या कलम १३८ खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. आमचा ब्रेकर कटआऊटच्या नंतर पण मीटरच्या आधी बसणार होता. म्हणजे त्याच्या टर्मिनलवरची वीज मोजली न गेलेली. कंपनीच्या अभियंत्याची अडचण मला समजत होती: तिथून कोणी चोरून फाटा घेतला तर? उलट ब्रेकर पूर्ण सीलबंद केला, तर आम्ही तो पाडायचा कसा? बरेच दिवस अर्ज एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर गेला. तोडगा ठेकेदाराने सुचवला आणि अभियंत्यांनी मान्य केला. ब्रेकर पत्र्याच्या बंद पेटीत, टर्मिनलांवर झाकण, पेटीच्या दाराला कंपनीचं सील, आणि आतल्या ब्रेकरला जोडलेली फिरती मूठ दाराच्या बाहेर. सील झाकणाला, मुठीला नाही. एकदा हे कागदावर चित्र काढून दाखवलं आणि मंजुरी आली. या कामाला निघणाऱ्यांनी अर्जासोबत पहिल्या दिवशीच असं चित्र द्यावं. पानभर मजकुरापेक्षा त्याने काम लवकर होतं.

मूठ कुठे असावी यावर मी अडून बसले होते. मीटर रूमच्या आत ठेवली असती तर नियमाचा शब्द कदाचित पाळला गेला असता. पण आग मीटर रूमलाच लागली, तर आत जाऊन मूठ कोण ओढणार? म्हणून केबलची वाट थोडी वळवून पेटी मीटर रूमच्या बाहेर, पार्किंगच्या भिंतीवर, फाटकातून आत येताच दिसेल अशी घेतली. मीटर रूम जिन्याखालून हलवणं आमच्या आवाक्यात नव्हतं. तिला आग रोखणारं आपोआप मिटणारं दार बसवलं, धूर जिन्यात न जाता बाहेर जावा म्हणून बाहेरच्या भिंतीला झडपा केल्या, आणि आतलं कपाट, सायकली, गणपतीच्या मखराचं सामान, सगळं काढलं. या सामानावरूनच सगळ्यात जास्त वाद झाले, खर्चावरूनही झाले नव्हते तेवढे.

कामाच्या दिवशी कंपनीच्या लोकांनी पिलरमधले फ्यूज काढले, पिलरला "माणसं काम करत आहेत" अशी पाटी लावली, आणि आमच्या टोकाला टेस्टरने तपासून, केबल जमिनीला जोडून (अर्थिंग करून) मगच ठेकेदाराच्या माणसांना हात लावू दिला. हा क्रम बघून मला बरं वाटलं. जुने लग कापले, नवे नीट दाबून बसवले (क्रिम्प केले). अ‍ॅल्युमिनियमची केबल तांब्याच्या टर्मिनलला लागते तिथे दोन धातूंचे खास लग वापरले, नाहीतर दमट हवेत तो सांधा आतून खाल्ला जातो. आणि मुंबईत दमट हवा बारा महिने आहे. प्रत्येक बोल्ट टॉर्क पान्याने आवळून त्यावर रंगाची रेघ मारली, म्हणजे पुढे बोल्ट हलला तर रेघ तुटलेली दिसेल. बसबारवर झाकणं आली. मग ५०० व्होल्टच्या मेगरने, म्हणजे इन्सुलेशन मोजायच्या यंत्राने, वायरींचं इन्सुलेशन तपासलं. किमान एक मेगाओहम लागतो, आमचं त्याच्या कितीतरी वर निघालं. अर्थिंगचा एक खड्डा कोरडा पडला होता, तो नव्याने केला. संध्याकाळी घरं उजळली.

त्याच आठवड्यात, आधी नोटीस लावून, आम्ही मूठ ओढून बघितली. माझ्या दृष्टीने या सगळ्या कामातला सर्वांत शिकवणारा भाग हाच. मूठ फिरवली, बसबार मेला, मीटर विझले. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये होती. तिच्या बॅटरीने ती जवळच्या मजल्यावर येऊन दार उघडलं. आणि मग आम्ही टेस्टर घेऊन इमारतभर हिंडलो, अजून काय जिवंत आहे ते शोधत. तीन घरांत इन्व्हर्टर होते, तिथे दिवे आणि पंखे चालूच. गच्चीवर सोलर आहे. पुरवठा गेला की त्याचा इन्व्हर्टर आपोआप थांबतो, पण दिवसा ऊन असेपर्यंत पॅनलपासून इन्व्हर्टरपर्यंतच्या डीसी केबलमध्ये वीज असतेच, तिला खालची मूठ मारू शकत नाही. दुकानांची सर्व्हिस केबल वेगळी, ती चालू. आणि गच्चीवरचा फायर पंप. तो मुद्दाम चालू ठेवलेला. आग विझवताना इमारतीची वीज तोडायची असते आणि पंप मात्र हवा असतो, म्हणून त्याची जोडणी मुख्य ब्रेकरच्या आधीच्या भागातून, स्वतःच्या लाल पेटीतून घेतली आहे.

म्हणजे "एक मूठ ओढली की सगळं मेलं" हे आमच्या इमारतीत पूर्ण खरं नाही, आणि ते लपवून चालणार नव्हतं. भाच्याने सांगितलेली एक गोष्ट इथे कामी आली. तिकडे एका इमारतीला एकाहून अधिक सर्व्हिस असतील तर प्रत्येक स्विचच्या जागी बाकीचे कुठे आहेत हे सांगणारी कायमची पाटी लावावी लागते. आम्ही तशी पाटी केली. मोठ्या अक्षरांत, मराठी, हिंदी आणि इंग्रजीत. वर कवटी आणि हाडांचं चिन्ह, कारण धोक्याच्या पाटीला ते आणि स्थानिक भाषा दोन्ही नियमाने लागतात. खाली लिहिलं: ही मूठ घरं, लिफ्ट आणि पाण्याचे पंप बंद करते. दुकानांचा स्विच दुकान क्रमांक चारच्या मागे. लाल पेटी फायर पंपाची, अग्निशमन दलाने सांगितल्याशिवाय बंद करू नये. गच्चीवर सोलरची केबल दिवसा जिवंत. या घरांत इन्व्हर्टर आहेत, आणि पुढे क्रमांक.

पाटी लावून आम्ही थांबलो नाही. दिवस आणि रात्र पाळीचे दोन्ही वॉचमन, सफाईवाले दादा, प्रत्येक मजल्यावरची दोन माणसं, यांना मूठ प्रत्यक्ष फिरवायला लावली. एका वॉचमनला भीती वाटत होती की हात लावला तर शॉक बसेल. मूठ इन्सुलेटेड आहे हे मी आधी स्वतः धरून दाखवलं. समोर रबरी मॅट टाकली आहे, शेजारी आग विझवायचं सीओटूचं सिलिंडर आणि कोरड्या वाळूच्या बादल्या. सगळ्यांना पढवलेला क्रम एवढाच: धूर दिसला की आधी मूठ, मग १०१ ला फोन, मग यादीतली दारं. वीज परत चालू करायची ती मात्र फक्त ठेकेदाराने किंवा कंपनीने तपासल्यावर. हे शेवटचं वाक्य मी पाटीवर लाल रंगात लिहून घेतलं, कारण लाइट गेली की मूठ परत वर करून बघायची सवय आपल्या हातांना फार आहे. ब्रेकर पडला असेल तर तो कशामुळे पडला हे आधी शोधायचं असतं.

घरांच्या आतही थोडं काम झालं. ३० मिलिअँपिअरचं गळतीसंरक्षण, म्हणजे आरसीसीबी, बऱ्याच घरांत नव्हतं. मुख्य ब्रेकर माणसाला बसणाऱ्या शॉकपासून वाचवू शकत नाही, तेवढा छोटा प्रवाह त्याला दिसतच नाही. चोवीसपैकी बहुतेकांनी ते बसवून घेतलं आहे, उरलेल्यांच्या मागे मी आहे.

महाराष्ट्राच्या २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्याप्रमाणे दर जानेवारी आणि जुलैमध्ये परवानाधारक संस्थेकडून आगीच्या साधनांचं प्रमाणपत्र घ्यावं लागतं. त्याच दोन महिन्यांत आता मूठ ओढून बघायची, थर्मल कॅमेऱ्याने सांधे तपासायचे आणि रंगाच्या रेघा बघायच्या असा ठराव केला आहे. नोंदवही मुठीशेजारच्या पेटीतच असते. राहिला आहे तो दुकानांचा स्विच. तो दुकानामागच्या बोळात आहे, रात्री तिथे जाळी बंद असते, आणि तो आमच्या पेटीच्या शेजारी आणायला चारही दुकानदारांची संमती लागते. तिघांची मिळाली. चौथे गावाला आहेत, मुलाने फोनवर होकार दिला आहे. वीज कंपनीकडे अर्ज चित्रासकट दाखल केला आहे आणि त्याची पोच माझ्याकडे आहे.